भैय्याजींनी लावलेला उजेड

भैय्याजी सुखदेवे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण नागपुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या आणि अल्बम बनवणाऱ्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल. भैय्याजींचा धंदा एका वाक्यात सांगता येतो आणि तरी ऐकणाऱ्याला पटत नाही. ते मॉनिटरचा उजेड लावून देत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो जेवढा उजळ दिसतो, तेवढाच तो कागदावर छापून यावा, अशा बेताने पडद्याचा ब्राइटनेस कमी-जास्त करून द्यायचा, एवढंच काम. यात काय मोठं, दोन बटनं तर दाबायची, असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचे अल्बमही पाहिलेत. नवरा-नवरी कोळशाच्या खाणीतून नुकतेच वर आल्यासारखे दिसतात.

त्याचं कारण साधं आहे. पडदा आतून पेटलेला असतो. तो फार चढवून ठेवला की त्यावर कुठलाही फोटो लख्ख वाटतो, मग आपण फोटोला हातच लावत नाही, उलट थोडा दाबतो. कागदाच्या पोटात मात्र दिवा नसतो. तो खरं तेच दाखवतो आणि मग गिऱ्हाईक आपल्याला दाखवतं.

माझा मनीषनगरात स्टुडिओ आहे. माझं नाव अदिती. पाठीमागे लोक मला तोंडाळ म्हणतात, तेही मला माहीत आहे. चौदा वर्षांपूर्वी मी नवी होते तेव्हा माझा पहिलाच अल्बम काळा आला आणि कुणीतरी भैय्याजींना माझ्याकडे धाडलं. जुनी लुना, खांद्याला खाकी पिशवी, पायात चपला. आल्या आल्या माणसाने पाणी नाही मागितलं. खिडकी बंद केली. "बाहीरचं ऊन पडद्यासंगं भांडते बाई," म्हणाले. मग पडद्याचा उजेड स्थिरावा म्हणून मॉनिटर अर्धा तास नुसता चालू ठेवायला लावला, तोवर चहा घेतला आणि माझ्या खोलीतली रंगीत ट्यूब काढून साधी पांढरी लावायला सांगितली. मला वाटलं, हा माणूस मॉनिटर बघायला आला आहे की घर बघायला.

अर्ध्या तासाने पिशवीतून एक फोटो निघाला. त्यांच्या बायकोचा, तुळसाबाईंचा. पांढरं पातळ नेसून, उघडी काळी छत्री खांद्यावर टेकवून त्या विहाराच्या सिमेंटच्या भिंतीपुढे उभ्या. तोच फोटो कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, छापील फोटो पडद्याशेजारी ट्यूबखाली धरायचा आणि दोन्ही तुळसाबाई सारख्या दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जायचा. "पातळाची चुणी दिसली पायजे आन छत्रीची काडी बी दिसली पायजे. एक दिसून दुसरी बुडाली तं समजा, उजेड चुकला." शेवटी मॉनिटरच्या पाठीवर एक कागदी पट्टी चिकटवून तीवर पेन्सिलीने तारीख आणि ब्राइटनेसचा आकडा लिहायचे. माझ्याकडे पहिल्या वेळी बत्तीस लिहिला होता. पडदा तेव्हा मला मेलेला वाटला, मी तसं बोललेही. पुढचा अल्बम मात्र असा आला की मी गप्प बसले.

कुहीकडच्या खेड्यातून अठराव्या वर्षी ते नागपुरात आले आणि सीताबर्डीतल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभे राहिले. मग रंगीत प्रिंटची मशीन आली, ती शिकले. मग डिजिटल आलं, मशीन भंगारात गेली आणि मालकाने हात जोडले. पंचावन्नाव्या वर्षी माणूस काय करेल? भैय्याजींनी ही विद्या हुडकून काढली आणि शहरातले पन्नास-साठ पडदे त्यांच्या शब्दावर चालू लागले. एकदा तुळसाबाई माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "साऱ्या नागपूरनं मले पाह्यलं बाई, म्या नागपूर काई पाह्यलं नाई." भैय्याजी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आता एका अल्बमचं सांगते.

मागच्या मार्चमध्ये भैय्याजींनी माझा पडदा लावला. त्या दिवशी मी फोनवर एका कॅटरिंगवाल्याशी भांडत होते, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. खोलीत पिंकी होती. पिंकी माझी ऑपरेटर, सहा वर्षांपासून. फोटो उजळणं, कापणं, पानं जुळवणं सगळं तिच्या हातात. तिशीची, एका मुलीची आई, बोलणं कमी आणि काम चोख. एप्रिलच्या शेवटी विश्वनाथराव मोहित्यांच्या मिनलचं लग्न झालं. त्याआधी किरकोळ कामात दोन गिऱ्हाइकं म्हणाली होती, "मॅडम, जरा डार्क वाटतात हो." मी म्हटलं, "तुमच्या घरातला दिवा बदला." अशी मी आहे.

मे महिन्यात बुधवारी सकाळी अल्बम छापून आला. शनिवारी मिनल नवऱ्याबरोबर परदेशी निघणार होती, अल्बम सोबत जायचा होता. पुठ्ठ्याची पेटी उघडली. रिसेप्शनची साठ पानं, सगळी सांजावलेली. मिनलचा डाळिंबी शालू काळा, विश्वनाथरावांचा चेहरा फेट्याखाली नाहीसा. पेटी बंद करून लपवावी की काय, हा विचार करेपर्यंत बापलेक दारातून आत आले.

विश्वनाथरावांनी चार पानं उलटली. कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेला शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. "हे लग्न होतं का मयत होती, अदितीबाई? माझ्या पोरीचं तोंड कुठाय यात?" मिनल रडायला लागली. मी छापखान्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की तुम्ही पाठवलं तसंच छापलं, आमच्या बाकी कुणाचं काळं आलेलं नाही. मग राहिला पडदा. मी भैय्याजींना बोलावलं.

ते तासाभरात आले, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. खिडकी बंद केली. विश्वनाथराव खुर्चीवर, मिनल त्यांच्या मागे, पिंकी भिंतीला टेकून, मी मध्ये उभी. मॉनिटर चालूच होता, तरी ते थांबले. कूलरची घरघर चालू होती. चौदा वर्षांचं नाव त्या एका खोलीत लटकलं होतं.

पिशवीतून तुळसाबाई निघाल्या. पडद्यावरही आल्या. भैय्याजींनी छापील फोटो शेजारी धरला आणि मी न विचारताच पाहिलं. पडद्यावरच्या पांढऱ्या पातळाला चुणी नव्हती. नुसता पांढरा लोळ. लहान पोरालाही कळलं असतं. ब्राइटनेसचा आकडा उघडला तर ब्याऐंशी!

"ब्याऐंशी?" मी ओरडले. "भैय्याजी बत्तीस-पस्तीसच्या वर कधी जात नाहीत. पिंकी, तू चढवलास ना हा?"

"म्या हात नाही लावला, ताई."

"मग काय भुतानं लावला? दिवसभर या खुर्चीवर कोण बसतं?"

"मीच बसते, ताई. पण हात नाही लावला."

ती एवढंच म्हणाली. भैय्याजींकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मला ती मान खाली घालणं म्हणजे गुन्ह्याची कबुली वाटली. ऑपरेटर पोरी पडदा चढवतातच, डोळ्याला बरं वाटतं म्हणून. नागपुरात घरोघरी हेच चालतं. विश्वनाथराव माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यांच्यापुढे कुणीतरी द्यायचं होतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे.

भैय्याजींचा उजवा हात मॉनिटरच्या मागे गेला होता. मला वाटलं वायर बघताहेत.

"भैय्याजी, तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तुम्ही मार्चमध्ये बरोबर लावून गेले होते ना?"

त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला. ते पडद्याकडे बघत राहिले, मग हातातल्या फोटोकडे, मग पुन्हा पडद्याकडे. एखाद्याला गर्दीत आपलंच माणूस ओळखू येऊ नये तसा चेहरा झाला होता. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मी माझ्या सोयीचं धरलं.

"पिंकी, उद्यापासून येऊ नको," मी म्हटलं.

तिने डबा उचलला, ओढणी नीट केली आणि चपला घातल्या. दारात क्षणभर थांबली. मला वाटलं आता भांडेल, निदान रडेल. ती पायऱ्या उतरून गेली. विश्वनाथराव म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, मला शुक्रवारी अल्बम पाहिजे." भैय्याजींनी ब्राइटनेस खाली आणला, माझ्याकडे न बघता पिशवी आवरली आणि निघाले. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही.

त्या दिवशी मी स्वतः बसून साठ पानं पुन्हा उजळली. काम करताना मनात पिंकीला शिव्या देत होते. बुडत्याला काडीचा आधार, तशी मला ती शिवीगाळ होती.

गुरुवारी सकाळी दहाला शटर उघडायला गेले तर पायरीवर भैय्याजी बसलेले. किती वेळचे बसले होते कोण जाणे. उठले, चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातून एक चुरगळलेली कागदी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. डिंक सुकून मागे मॉनिटरची धूळ चिकटली होती. पेन्सिलीने एकाखाली एक तारखा. बत्तीस. चौतीस. तेहतीस. आणि सगळ्यात खाली, मार्चची तारीख, त्यांच्याच वळणदार अक्षरात ब्याऐंशी.

"पोरीनं काईच नाई केलं, ताई," ते म्हणाले. "हा आकडा माहा हाय. काल म्या पट्टी उखडून खिशात घातली."

मला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापली. वयाचा मान वगैरे सगळं बाजूला पडलं. "काल तोंडाला कुलूप लागलं होतं का? माझ्यासमोर ती बाई गेली, तुमच्या डोळ्यांदेखत गेली!"

"हाव. लागलं होतं." त्यांनी नजर चुकवली नाही. "भेव वाटलं. डोळा गेला मनून बोंब झाली तं कोण बलावन मले?"

मग पायरीवरच बसून त्यांनी सांगितलं. दिवाळीपासून तुळसाबाईंचा फोटो त्यांना पिवळा दिसू लागला होता, मळकट, अंधारलेला. जुन्या प्रिंट पिवळ्या पडतात, हे त्यांनी डार्करूमपासून पाहिलेलं. त्यांनी ठरवलं, नमुना बाद झाला. नवी प्रिंट काढायची कुठे, ती मशीनच राहिली नाही. म्हणून जानेवारीपासून त्यांनी फोटो घरी ठेवला आणि नुसत्या अंदाजाने पडदे लावत सुटले. पन्नास वर्षं उजेडच जोखला, आता नमुना आपल्या डोळ्यातच आहे, असं वाटलं. पडदेही त्यांना मळकट दिसत, म्हणून ते चढवत गेले. काल माझं बोलावणं आलं तेव्हा तुळसाबाईंनी हटकलं म्हणून फोटो पिशवीत टाकला.

"शेजारी धरला आन समजलं. फोटो तसाच हाय, ताई. मैले झाले थे माहे डोळे. दोघायकडं एकाच खराब डोळ्यानं पाह्यलं तरी फरक दिसते. फोटो संगं असता तं म्या चुकलोच नसतो."

मोतीबिंदू. शेजारच्या कुणीही सांगितलं असतं. पण ज्याला सगळं शहर उजेडाचं विचारतं, तो आपल्या डोळ्याचं कुणाला विचारेल? फोटोवर शंका घेणं सोपं होतं, तो उलटून बोलणार नव्हता.

"आता काय करायचं?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"जानेवारीपासून अकरा ठिकाणी अंदाजानं लावलं हाय. त्या साऱ्यायले सांगा लागन. सीझन चालू हाय, लोकायचे लग्नाचे फोटो काळे होऊन राहिले असन."

मी त्यांना माझ्या गाडीवर बसवलं. त्या उन्हात, त्या डोळ्यांनी, लुनावर एकटं सोडायची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं की हा माणूस खरोखर बोलतो का.

बोलले. अकराही ठिकाणी, दारातच, पिशवी खांद्यावरून न उतरवता. "माहा डोळा गेला. म्या लावलेला पडदा खोटा हाय. आजपासून त्यावर एक बी फोटो पास करू नका." धरमपेठेतल्या एकाने हसून टाळी दिली, त्याला मस्करी वाटली. महाल भागातल्या एकाने त्यांच्या तोंडावर तीन काळे अल्बम आपटले आणि आईवरून शिवी दिली. मी मध्ये पडायला गेले तर भैय्याजींनी हाताने थांबवलं. खाली पडलेला अल्बम उचलून टेबलावर ठेवला, पिशवीतून तुळसाबाई काढल्या आणि म्हणाले, "आता तुमी पाहा, मी फकत धरतो." त्या माणसाने रागारागातच बटन दाबलं. पस्तीसवर दोन्ही फोटो सारखे झाले. त्याने आभार मानले नाहीत आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. तसं अकरापैकी सात जणांनी सांगितलं. प्रत्येक जिना उतरताना भैय्याजी कठडा धरत होते, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ते पायरी बघत नाहीत, चाचपतात. मार्चमध्येही हे माझ्यासमोरच घडलं होतं. मीही फोटोंचाच धंदा करते ना?

मध्येच विश्वनाथरावांचा फोन आला. मी त्यांना सरळ सांगितलं की चूक पोरीची नव्हती. ते म्हणाले, "काल तुम्ही फार घाई केली हो. मीही गप्प बसलो." शुक्रवारी अल्बम आला तो डाळिंबी शालूसकट आला, फेट्याखाली त्यांचा चेहरा होता, आणि शनिवारी तो मिनलबरोबर गेला. ते काम निस्तरलं.

पण गुरुवारी संध्याकाळी, अकरावा स्टुडिओ आटोपल्यावर, भैय्याजी म्हणाले, "आता पिंकीकडं." मला वाटलं होतं की फोनवर बोलू. ते ऐकेनात.

पिंकी उमरेड रोडला दोन खोल्यांत राहते. मुलगी ओट्यावर अभ्यास करत होती. पिंकीने आम्हाला बघितलं, आश्चर्य दाखवलं नाही, खुर्च्या पुसल्या आणि चहा ठेवला. भैय्याजी बसलेच नाहीत. उभ्यानेच हात जोडले. "पोरी, मले माफ कर. थो आकडा माहा होता." त्यांचा आवाज अकरा दारांत हलला नव्हता, इथे हलला.

"मले मालूम होतं, भैय्याजी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी फोटो आणला नव्हता. म्या म्हटलं बी होतं तुमाले, की जास्त होऊन राहिलं. तुमी म्हणाले, मले शिकवतं का वं."

मला ऐकून चक्रावल्यासारखं झालं. "अगं, मग काल मला सांगितलं काहून नाही? एवढं तरी तोंड उघडायचं!"

पिंकीने कपबश्या आमच्यापुढे ठेवल्या. आधी भैय्याजींच्या हातात कप नीट दिला, त्यांची बोटं कपाच्या कानावर बसेपर्यंत सोडला नाही. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं झालं असतं.

"तुमी विचारलं कुठं, ताई? तुमी तं सांगितलं. आन भैय्याजींची रोजी होती त्या पट्टीवर. मले दुसरीकडं काम भेटन, त्यायले या वयात कोण देईन?"

मी म्हटलं, "चुकलं माझं. उद्यापासून ये."

तिने मान हलवली. या वेळी ती मान कशी हलली ते मला नीट कळलं.

"भैय्याजींचा मले राग नाई. ते घाबरले, पण एका रातीत उठून आले," ती म्हणाली. "तुमच्याकडं मी सहा वर्षं होती, ताई. तुमाले पाच मिनिटं बी नाई लागले."

भैय्याजींनी चहा संपवला. मी माझा कप तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली शोधत बसले, ती माझ्या हातातच होती.